‘मर्यादेच्या आत’ म्हणजे कोणाच्या? घरपोच पाणी-तपासणी सेवेचे परीक्षण

शौचालयातल्या फ्लशच्या टाकीचे झाकण सहसा कोणी उघडून पाहत नाही. आमच्या टाकीचा फ्लोट अडकला म्हणून मी ते उघडले, तेव्हा आतल्या भिंतींवर काळपट, बुळबुळीत थर बसलेला दिसला. बोट फिरवले तर काजळीसारखा डाग बोटावर आला आणि साबणाने दोनदा हात धुऊनही तो नखाच्या कडेला राहिला. लोखंडाचा गंज तांबूस असतो. हा थर काळा होता, आणि बोअरवेलच्या पाण्यात मँगनीज हा धातू असल्याची ती नेहमीची खूण आहे. एरवी टाकी घासून मी विषय संपवला असता. पण घरात अडीच महिन्यांचे बाळ होते, पत्नीच्या आजारपणामुळे ते पूर्णपणे पावडरच्या दुधावर होते आणि ते दूध आम्ही याच पाण्यात कालवत होतो. उकळून, गार करून, अगदी नेमाने.

म्हणून घरबसल्या पाणी तपासून देणारी एक सेवा घेतली आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत तिच्याकडे एकूण चार नमुने पाठवले. हे परीक्षण त्या अनुभवाचे आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी सांगणार आहे त्या या एकाच कंपनीच्या आहेत असे मला वाटत नाही. तपासणीच्या अहवालाचा हा साचाच अनेक ठिकाणी चालत असावा.

मागणी नोंदवणे सोपे आहे. संच दोन दिवसांत घरी येतो, बाटली भरून त्यांच्याच खोक्यात परत पाठवायची, अहवाल ईमेलवर मिळतो. पाच दिवसांत देण्याचे आश्वासन असलेला पहिला अहवाल नऊ दिवसांनी आला, पण ती तक्रार मी पुढे ताणत नाही. ग्राहक साहाय्यासाठी फोन केला तर माणूसच उचलतो आणि नीट बोलतो, हेही नोंदवले पाहिजे. खरा प्रश्न बाटलीत काय जाते आणि कागदावर काय उतरते, हा आहे.

पहिल्या वेळी मी ‘मूलभूत’ नावाचा संच घेतला. त्यात प्लॅस्टिकची एकच बाटली होती आणि सूचना दोनच: नळ पाच मिनिटे वाहू द्यावा, बाटली काठोकाठ भरावी. अहवालात आम्लता, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह अशा ओळींच्या खाली मँगनीजची ओळ होती. निकालाच्या रकान्यात ‘०.१ पेक्षा कमी’, मर्यादेच्या रकान्यात ‘०.३’, दोन्ही मिलिग्रॅम प्रतिलिटर; आणि शेऱ्याच्या रकान्यात हिरवी खूण. खाली ठळक अक्षरांत वाक्य होते, ‘आपले पाणी पिण्यास योग्य आहे.’ पत्नीने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला असता, पण मी बाटली भरताना त्याच धारेखाली काचेची एक बरणीही भरून खिडकीत ठेवली होती. भरली तेव्हा तिच्यातले पाणी स्वच्छ होते. अहवाल आला त्या दिवशी तिच्या तळाशी कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी-काळा गाळ बसला होता. पाण्यात काही नव्हते, तर हा गाळ आला कोठून?

त्याचे उत्तर मँगनीजच्या स्वभावातच आहे. जमिनीखाली, जिथे पाण्याला हवा मिळत नाही, तिथे हा धातू विरघळलेल्या रूपात असतो आणि पाणी नितळ दिसते. तेच पाणी वर येऊन हवेला लागले की हळूहळू मँगनीजचे ऑक्साइड तयार होते आणि काळा गाळ धरतो. लोखंडाच्या बाबतीत ही क्रिया झटपट होते. मँगनीज सावकाश बदलते, त्यामुळे बाटली भरताना डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मात्र बराच भाग तळाशी आणि बाटलीच्या भिंतींना चिकटलेला असतो. मी फोन करून विचारले, “नमुना तपासण्याआधी गाळला होता का?” पलीकडचे उत्तर अगदी प्रामाणिक होते: “हो साहेब, गढूळ नमुना मशीनला चालत नाही, गाळूनच घेतो.” म्हणजे मला जे मोजून हवे होते ते गाळणकागदावर राहिले आणि उरलेले पाणी मोजले गेले. ही फसवणूक नव्हे. पाण्यात विरघळलेले मँगनीज मोजायचे असेल तर गाळणे बरोबरच आहे, पण ते बोअरवेलच्या तोंडाशी, पाणी वर आल्या क्षणी गाळायला हवे. आठवडाभर खोक्यात प्रवास केल्यानंतर नव्हे. शिवाय पिणाऱ्याच्या पोटात दोन्ही जातात. अहवालावर ‘विरघळलेले’ किंवा ‘एकूण’ यांपैकी एक शब्द तरी छापायला हवा होता. तिथे नुसतेच ‘मँगनीज’ होते.

दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. ‘०.१ पेक्षा कमी’ याचा अर्थ त्यांची या संचातली पद्धत ०.१ च्या खाली काही ओळखूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या मँगनीजसाठी जे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य दिले ते प्रतिलिटर ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम आहे. ज्या मापाची सुरुवातच ०.१ पासून होते त्याने ०.०८ ची खात्री देणे म्हणजे वखारीतल्या लाकडाच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. आणि हे ०.०८ नेमके कोणाकडे पाहून ठरले, तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाकडे पाहून. ज्या घरासाठी हा आकडा आहे त्याच घराला हा संच काहीही सांगू शकत नव्हता.

इथे थोडे थांबून बाळाचेच का, हे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय माझी तक्रार किरकोळ वाटेल. मँगनीज हे शिसे किंवा पारा यांच्यासारखे निव्वळ विष नाही. शरीराला ते अल्प प्रमाणात लागतेच. पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारे एक महत्त्वाचे विकर त्याच्याशिवाय चालत नाही. प्रौढ माणसाच्या आतड्यातून अन्नातल्या मँगनीजपैकी जेमतेम तीन ते पाच टक्के रक्तात जाते आणि जास्तीचे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळात ही दोन्ही दारे वेगळी असतात: आत येणारे अधिक उघडे आणि बाहेर जाणारे अजून पुरते न उघडलेले. आतड्यात लोह आणि मँगनीज यांना वाहून नेणारे प्रथिन बऱ्याच अंशी एकच असल्यामुळे, लोह कमी असलेल्या मुलात मँगनीज जास्त शोषले जाते. आईच्या दुधात मँगनीज अगदी थोडे असते, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दिवसाला ३ मायक्रोग्रॅम पुरेसे धरतात, ते त्या दुधाच्या हिशेबानेच.

शरीरात साचलेले मँगनीज मेंदूत विशेषतः बेसल गँग्लिया या खोल भागात जाऊन बसते. हालचाल सुरू करणे, थांबवणे, लक्ष एका गोष्टीवर टिकवणे, आवेग आवरणे ही कामे ज्या मज्जामार्गांतून चालतात त्यांचा हा नाका आहे आणि तिथले डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारे व्यवहार मँगनीजमुळे बिघडतात. हा धातू चुंबकीय गुणांचा असल्याने एमआरआयच्या चित्रात हा भाग चक्क उजळ दिसतो. शिरेवाटे दीर्घकाळ पोषण दिलेल्या आणि यकृताचा आजार असलेल्या मुलांमध्ये अशी चित्रे मिळालेली आहेत. मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांची लडखडती चाल ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवली होती. पण तो धुळीतून फुप्फुसात गेलेल्या मोठ्या मात्रेचा, प्रौढांचा आजार. पाण्यातून आलेल्या मँगनीजमुळे मूल सहसा लडखडत नाही. जे घडते ते बारीक असते: स्मरणाच्या चाचणीत काही गुण कमी, बोटांच्या नाजूक हालचालींत थोडा संथपणा, लक्ष लवकर उडणे. अशा गोष्टी घरात कोणालाही दिसत नाहीत, शेकडो मुले एकत्र मोजली तरच त्या आकड्यांत उमटतात.

तशी मोजणी झालेली आहे. बांगलादेशात अराईहाजार भागातल्या दहा वर्षांच्या १४२ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या कूपनलिकांच्या पाण्यात मँगनीज सरासरी प्रतिलिटर ७९३ मायक्रोग्रॅम होते आणि ते जितके जास्त तितके बुद्धिचाचणीतले गुण कमी, असे आढळले. ते आकडे फार मोठे असल्याने दूरच्या देशातली गोष्ट म्हणून कोणी बाजूला सारू शकला असता. पण २०११ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातून ६ ते १३ वर्षांच्या ३६२ मुलांचा अभ्यास आला. तिथे सर्वांत जास्त मँगनीज पिणाऱ्या पाचव्या हिश्श्यातल्या मुलांच्या पाण्यात मध्यक २१६ मायक्रोग्रॅम होता, सर्वांत कमीवाल्यांच्या पाण्यात १, आणि या दोन गटांच्या बुद्ध्यांकात ६.२ गुणांचा फरक होता. मला त्यातला आणखी एक तपशील फार बोलका वाटतो: अन्नातून मिळणाऱ्या मँगनीजचा बुद्ध्यांकाशी असा संबंध त्यांना दिसला नाही, पाण्यातल्याचा दिसला. २०२० मध्ये डेन्मार्कने ६ लाख ४३ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांत ज्यांच्या नळाला कधीतरी १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मँगनीज आले होते, त्यांच्यात अतिचंचलता-अवधान विकाराचा (एडीएचडी) अवधान-न्यूनता हा प्रकार मुलींमध्ये सुमारे ५१ टक्के आणि मुलग्यांमध्ये २० टक्के अधिक प्रमाणात नोंदला गेला होता. ही तुलना ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी मँगनीज असलेले पाणी पिणाऱ्या मुलांशी आहे.

हे सारे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. अमुक घरातल्या अमुक मुलाचे लक्ष लागत नाही ते मँगनीजमुळेच, असे यातला कोणताही अभ्यास सांगत नाही. मेक्सिको सिटी आणि ओहायोतल्या मॅरिएटा इथल्या अभ्यासांत तर रक्तातले मँगनीज फार कमी असलेली मुलेही मधल्या मुलांपेक्षा मागे दिसली, म्हणजे आलेख उलट्या वाटीसारखा आहे. पण कारण आणि परिणाम यांचा धागा प्राण्यांवरच्या प्रयोगांत सापडतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पिलांना जन्मानंतरच्या काळात तोंडावाटे मँगनीज दिले, तर मोठेपणीही त्यांचे लक्ष टिकत नाही आणि पंजाच्या बारीक हालचाली बिघडलेल्या राहतात. अतिचंचल मुलांना जे औषध देतात ते मेथिलफेनिडेट दिल्यावर हालचालींतला हा दोष कमी झाल्याचेही दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा ८० चा आकडा याच प्रयोगांवर उभा आहे. शरीराच्या दर किलोमागे २५ मिलिग्रॅम या मात्रेला परिणाम दिसला, सुरक्षिततेसाठी तिला हजाराने भागून किलोमागे दिवसाला २५ मायक्रोग्रॅम धरले, पाच किलोच्या बाळाला त्यातला निम्मा वाटा पाण्याचा दिला आणि बाळ दिवसाला पाऊण लिटर पाणी पिते असे मानले. भागाकार करून पाहा, ८३ येतात. हा हिशेब स्वयंपाकघरात उभे राहून करता येतो, आणि तपासणी सेवेच्या अहवालात तो एका ओळीत देता आला असता.

मग तक्त्यातले ते ‘०.३’ कोणाचे? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभर पाणी पिणाऱ्यासाठी दिलेल्या आरोग्य-सल्ल्यात हा आकडा आहे. त्याच सल्ल्यात मोठ्यांना दहा दिवसांपुरते १ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, पण सहा महिन्यांखालच्या बाळासाठी तेवढ्या थोड्या दिवसांनाही ०.३ च्या वर जाऊ नये, असे वेगळे सांगितले आहे. त्याच संस्थेचा दुसरा आकडा ०.०५ आहे, तो चव आणि कपड्यांवरच्या डागांसाठी. कॅनडाने २०१९ मध्ये कमाल मर्यादा ०.१२ ठेवली, तीही बाटलीवरच्या बाळाचा विचार करून. गंमत अशी की बरीच वर्षे मँगनीजकडे डागांचा प्रश्न म्हणूनच पाहिले गेले. पांढरी चादर बाळापेक्षा नाजूक मानली गेली असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल, पण आकडे पाहिले की क्षणभर तसे वाटते खरे.

पहिल्या अहवालाबद्दल मी लेखी तक्रार केली आणि कंपनीने पैसे परत न करता ‘धातू’ संचावर सवलत दिली. हा दुसरा संच मात्र उत्तम आहे, हे मोकळेपणाने सांगतो. त्यात छोटी बाटली येते, तिच्या तळाशी नायट्रिक आम्लाचे काही थेंब असतात आणि झाकणावर पिवळी पट्टी चिकटवून ‘खळबळून धुऊ नये’ असे लिहिलेले असते. या आम्लामुळे मँगनीज भिंतींना चिकटत नाही की गाळ धरत नाही, विरघळलेलेच राहते. मोजणी धातूंचे अगदी सूक्ष्म प्रमाण ओळखणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर होते आणि ०.००१ मिलिग्रॅमपर्यंतचा आकडा छापून मिळतो. घरात बाळ असेल त्याने पहिल्या संचाच्या वाटेलाच जाऊ नये, थेट हाच मागवावा. जास्तीचा खर्च इथेच सार्थकी लागतो. मात्र संकेतस्थळावर दोन्ही संचांच्या नावापुढे ‘मँगनीज समाविष्ट’ एवढेच लिहिलेले आहे आणि दोन्हींतला हा फरक तिथे कुठेही सापडत नाही.

निकाल ०.२७ आला. आणि शेजारी पुन्हा तीच हिरवी खूण होती, कारण ०.२७ हे ०.३ पेक्षा कमीच आहे.

मी कागदावर मांडणी केली. बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर पाण्यातले दूध पीत होते, म्हणजे नुसत्या पाण्यातून सुमारे २०० मायक्रोग्रॅम मँगनीज त्याच्या पोटात जात होते. आईच्या दुधावरच्या बाळाला पुरेशा धरलेल्या ३ मायक्रोग्रॅमच्या हे ६५ पटींहून अधिक झाले. पाच किलो वजनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सगळ्या मार्गांनी मिळून दिवसाला १२५ मायक्रोग्रॅम सोसतात. इथे एकट्या पाण्यानेच ती सीमा ओलांडली होती आणि पावडरीत असलेले मँगनीज तर मी धरलेच नव्हते. तान्ह्या बाळाच्या संदर्भात या आकड्यापुढे हिरवी खूण करणे म्हणजे निष्काळजीपणाच आहे, यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही. नमुन्याच्या अर्जात ‘घरात एक वर्षाखालील मूल आहे का?’ असा रकाना आहे आणि मी तो ‘होय’ असा भरला होता. उत्तर विचारायचे आणि निकाल लिहिताना त्याच्याकडे पाहायचे नाही, तर तो रकाना आहे कशासाठी? फोनवर हेच विचारले तेव्हा, “साहेब, मँगनीजने काही होत नाही, फक्त कपडे काळे पडतात,” असे उत्तर मिळाले.

हे वाक्य माझ्या लक्षात राहण्याचे कारण वेगळेच आहे. दुसऱ्या अहवालासोबत त्याच कंपनीचे एक रंगीत पत्रक आले होते. त्यावर डोके धरून बसलेल्या मुलाचे चित्र आणि मजकूर असा: ‘मूल हट्टी झाले आहे? अभ्यासात लक्ष नाही? मँगनीज तपासा, केसांच्या चाचणीने.’ अहवाल म्हणतो काही नाही, पत्रक म्हणते सर्वनाश, आणि दोन्हींवर बोधचिन्ह एकच. आमची थोरली सात वर्षांची आहे आणि तिचे लक्ष गणिताच्या तासाला खिडकीबाहेर असते, असे तिच्या बाईंनी दोनदा कळवलेले आहे. पत्रक वाचताना माझा हात फोनकडे गेला होता, हे कबूल करतो. पण तीही हेच पाणी पीत असली, तरी तिच्या खिडकीचा आणि आमच्या बोअरवेलचा संबंध केसांच्या एका बटेवरून जोडता येत नाही. केसांतले मँगनीज संशोधक गटागटांच्या तुलनेसाठी वापरतात, त्यासाठी केस विशेष पद्धतीने धुऊन घेतात; कारण ज्या पाण्याने मूल रोज न्हाते त्याच पाण्यातले मँगनीज केसांवर बाहेरून बसते आणि आकडा फुगतो. अमुक आकड्याच्या वर गेले की मेंदूला इजा झाली, अशी एखाद्या मुलाला लावता येईल अशी सर्वमान्य रेघ केसांसाठी नाही. रक्तातला आकडाही अलीकडच्या काही दिवसांचेच थोडेफार सांगतो. बाळाच्या डॉक्टरांनाही मी पत्रक दाखवले. त्यांनी केसांची चाचणी नको म्हणून सांगितले, बाळाचे वजन, वाढ आणि विकासाचे टप्पे पाहून ते व्यवस्थित असल्याचा निर्वाळा दिला, दोन्ही मुलांच्या लोहाकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि पहिले काम म्हणून पाणी बदलायला लावले. थोरलीच्या खिडकीवर त्यांनी डोळे तपासून घेण्याचा सल्ला दिला. तिला आता चष्मा लागला आहे. गणिताचे पुढे काय होते ते पाहू.

केसांच्या चाचणीला म्हणूनच या परीक्षणात शून्य गुण. भीती विकून जी चाचणी खपवली जाते, तिच्या निकालावर पालकांनी करायचे तरी काय, याचे उत्तर त्या पत्रकात नव्हते.

कंपनी पाण्याचे शुद्धीकरण यंत्रही विकते. अहवालाच्या शेवटी त्याचा दुवा दिलेला असतो, मग निकाल काहीही येवो. त्यांनी मला सुचवले ते कार्बनचे गाळण असलेले भांडे. साधा सक्रिय कार्बन क्लोरीन आणि वास यांसाठी चांगला, पण विरघळलेल्या मँगनीजसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. हा धातू काढायचे खात्रीचे मार्ग मोजकेच आहेत: एक तर त्याचे ऑक्सिडीकरण करून मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेल्या वाळूसारख्या माध्यमातून गाळणे, आयन-विनिमयाचे यंत्र बसवणे किंवा आरओचा पडदा. पहिला मार्ग संपूर्ण घराच्या पाण्यासाठी ठीक, पण त्याला पाण्याची आम्लता जुळावी लागते आणि माध्यम वेळोवेळी उलटे धुवावे लागते. पिण्यापुरत्या पाण्याला आरओ सोपा पडतो. आम्ही दुसरीकडून आरओ बसवला. तो चालू होईपर्यंत बाळाचे दूध शेजारच्या घरातल्या, मँगनीज तपासून घेतलेल्या पाण्यात केले.

तिसरा नमुना मी निव्वळ कुतूहलापोटी पाठवला. अडीच महिने आम्ही जे पाणी श्रद्धेने उकळत होतो, तेच दहा मिनिटे खळखळ उकळून आणि गार करून बाटलीत भरले. आकडा ०.३० आला. उकळण्याने जंतू मरतात, धातू जात नाही. पाणी वाफ होऊन उडते आणि धातू मागे राहतो, त्यामुळे प्रमाण उलट वाढते. ही गोष्ट शाळेतल्या विज्ञानाची आहे आणि मला ती माहीत होती, तरीही अहवालावर छापलेला तो वाढलेला आकडा पाहून जो धक्का बसला तो माहीत असण्याने कमी झाला नाही. कंपनीच्या सूचनापत्रात ‘शंका असल्यास पाणी उकळून प्यावे’ असे सरसकट वाक्य आहे. जंतूंसाठी ते बरोबर आहे; मँगनीज, नायट्रेट किंवा आर्सेनिक यांच्या ओळीखाली ते छापणे चूक आहे. हे मी त्यांना कळवले. उत्तरादाखल आभाराचा ईमेल आला, सूचनापत्र अजून तेच आहे.

तर सेवा घ्यावी की नाही? मोजणीसाठी जरूर घ्यावी. ‘धातू’ संचातला आकडा मला विश्वासार्ह वाटला: एकाच दिवशी भरलेली दुसरी बाटली मी वेगळ्या प्रयोगशाळेत दिली होती, तिचा निकाल ०.२६ आला. बाटल्यांची बांधणी चांगली आहे, नमुना हरवला नाही, अहवालाची प्रत कधीही उतरवून घेता येते. पण अहवालातला शेरा आणि खूण हाताने झाकावी, मँगनीजचा आकडा तेवढा वाचावा, आणि घरात बाटलीने दूध पिणारे मूल असेल तर तो ०.०८ शी ताडून पाहावा. बोअरवेलचे पाणी ऋतुमानाप्रमाणे आणि उपशाप्रमाणे बदलते, म्हणून एका निकालावर वर्षानुवर्षे निश्चिंत राहता येत नाही. वर्षातून एकदा, आणि घरात बाळ येणार असेल तर ते येण्याआधी, तपासून घेतलेले बरे. मोजणीला पाचपैकी चार, अर्थ सांगण्याला एक.

चौथा नमुना आरओच्या नळाचा होता. या वेळी अर्जाच्या शेवटी, मोकळ्या जागेत, मी पेनने लिहिले: ‘नमुना गाळू नये. पाणी बाळाच्या दुधासाठी आहे.’ सहा दिवसांनी अहवाल आला. मँगनीज ०.००५. शेऱ्याच्या रकान्यात हिरवी खूण होती, ०.२७ ला होती अगदी तशीच.